बाळ येणार म्हणून घर रंगवताना

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आपल्याकडे अजून बऱ्यापैकी टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते आणि त्याच सुमाराला घरच्यांची नजर भिंतींकडे वळते. खिडकीच्या चौकटीचे पोपडे निघालेत, ग्रिल गंजलंय, बारशाला चार माणसं येणार. मग रंगारी बोलावला जातो. या कामात नव्या रंगाच्या वासाची काळजी सगळेच करतात. जुना रंग खरवडताना उडणाऱ्या धुळीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि बाळासाठी मोठा धोका त्या धुळीतच असतो. कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं.

शिसं रंगात घालण्याची कारणं व्यावहारिक होती. शिशाच्या कार्बोनेटपासून दाट पांढरा रंग मिळे, क्रोमेटपासून झळझळीत पिवळा आणि नारिंगी. लोखंड गंजू नये म्हणून शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा पहिला हात देत. शिवाय थोडंसं शिसं घातलं की तेलातला रंग लवकर वाळे. म्हणजे घरात जिथे जिथे जुना ऑइलपेंट आहे तिथे शिशाची शक्यता जास्त: दारं, खिडक्या, गज, कठडे, लोखंडी कपाटं, पलंग. चुना किंवा साधं डिस्टेंपर लावलेल्या भिंतींचा त्रास त्या मानाने कमी.

रंगातलं शिसं आणि मुलांचं आजारपण यांचा संबंध पहिल्यांदा नीट उलगडला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतातल्या ब्रिस्बेन शहरात. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात पोटदुखी, हातापायांतली दुर्बलता, क्वचित अंधत्व अशी लक्षणं घेऊन मुलं येत होती. ही शिशाची विषबाधा आहे हे जेफरिस टर्नर या डॉक्टरने 1892 साली नोंदवलं, पण शिसं येतंय कुठून हे कळेना. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने 1904 साली उत्तर दिलं: लाकडी घरांच्या व्हरांड्यांचे कठडे. क्वीन्सलँडच्या कडक उन्हात कठड्यांवरच्या रंगाची भुकटी होत होती. मुलं तिथे खेळत, भुकटी हातांना चिकटे, आणि नखं कुरतडणाऱ्या, अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. शहाण्या माणसांनी बरीच वर्षं यावर विश्वास ठेवला नाही. अखेर 1922 साली क्वीन्सलँडने मुलांचे हात पोचतील अशा जागी शिशाचा रंग वापरण्याला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेला घरगुती रंगांतलं शिसं बंद करायला 1978 साल उजाडावं लागलं.

लहान मुलांनाच याचा इतका त्रास का व्हावा? एक तर ती जमिनीवर असतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. दुसरं कारण शरीराच्या आतलं आहे. वाढत्या हाडांना कॅल्शियम हवं असतं, त्यामुळे बाळाचं आतडं ते अधाशीपणे शोषून घेतं. शिशाचा आयन शरीराला कॅल्शियमसारखाच वाटतो आणि तो त्याच वाटेने आत शिरतो. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाच्या शरीरात मुरतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरतो. शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. आपल्या देशात ही गोष्ट फार गंभीरपणे घ्यायला हवी, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 67.1 टक्के आणि गर्भवतींपैकी 52.2 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत.

शरीरात शिरलेलं शिसं रक्तातून हळूहळू हाडांत जातं आणि तिथे वीस-तीस वर्षंसुद्धा राहू शकतं. गरोदरपणी बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर काढलं जातं तेव्हा त्याच्यासोबत हे साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारी प्लासेंटा, त्याला अडवू शकत नाही. नाळेतल्या रक्तातलं शिशाचं प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास असतं. गरोदरपणातल्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या कंटाळा न करता घ्याव्यात, याला हेही एक भक्कम कारण आहे.

मूल झटके येण्याइतकं आजारी पडेपर्यंत नुकसान होत नाही, अशी समजूत बराच काळ होती. ती मोडली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने. बॉस्टनजवळच्या गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्याने गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. दातांत शिसं जास्त असलेली मुलं वरवर ठणठणीत होती, पण बुद्धिमापन चाचण्यांत मागे होती आणि वर्गात त्यांचं लक्ष टिकत नव्हतं. हा अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला. ‘एवढं शिसं चालतं’ अशी सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात चिंता वाटावी इतकं शिसं आहे. त्यातलं सगळं रंगातून आलेलं नाही, बॅटऱ्या, भांडी, मसाले असे इतर मार्गही आहेत. पण घरातला रंग आपल्या हातातला आहे.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे किलोला 90 मिलिग्रॅमची मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये हजारो पीपीएम शिसं सापडलेलं आहे, आणि काही लहान उत्पादकांच्या डब्यांत नंतरही मर्यादेबाहेर सापडलं. म्हणून डब्यावर शिशाबद्दलची सूचना छापलेली आहे ना, हे बघून घ्यावं. दारा-खिडक्यांचा रंग 2017 पूर्वीचा असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालावं, हे माझं मत. वाडा किंवा चाळीतलं जुनं घर असेल तर नक्कीच, कारण तिथे रंगाचे अनेक थर एकावर एक बसलेले असतात.

धूळ किती लागते याचा एक हिशोब करून पाहू. रंगाचा एक थर साधारण 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. त्यात एक टक्का शिसं धरू. अशा रंगाचा एक चौरस इंच पोपडा घेतला तर त्याचं वजन सुमारे 48 मिलिग्रॅम आणि त्यातलं शिसं सुमारे 480 मायक्रोग्रॅम भरतं. अमेरिकेने 2019 साली घरातल्या फरशीवरच्या धुळीत शिशाची मर्यादा दर चौरस फुटाला 40 वरून 10 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि पुढे ती आणखी कडक केली. म्हणजे दोन चौरस इंच पोपडे बारीक दळले जाऊन पसरले, तर दहा बाय दहाच्या अख्ख्या खोलीची फरशी त्या मर्यादेला पोचते. आणि रंगारी पॉलिश पेपर घेऊन बसतो तेव्हा दोन इंच नाही, दोन-चार दारं घासतो.

यावर उपाय फार महागडे नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरडं घासायचं नाही. पृष्ठभाग पाण्याने भिजवून, ओल्या कामाला चालणाऱ्या काळ्या पेपरने घासला तर बहुतेक भुकटी उडत नाही, चिखल होऊन खाली पडते आणि पुसून घेता येते. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळापासून काढायचा हट्टच सोडावा. सैल पोपडे ओले करून काढावेत आणि वरून नवा हात मारावा. रंग जाळून किंवा गरम हवेच्या यंत्राने फार तापवून काढू नये, त्याने शिशाची वाफ होते. खाली जाड प्लास्टिक अंथरावं, सामान आधी हलवावं. काम संपल्यावर केरसुणी फिरवली तर सगळी धूळ पुन्हा हवेत जाते, म्हणून साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यावं आणि ते फडकं टाकून द्यावं.

गरोदर बाई या दिवसांत घरात असता कामा नये. नुसतं दुसऱ्या खोलीत बसून भागत नाही. म्हणूनच हे काम आठव्या महिन्यात काढण्याऐवजी ती माहेरी येण्याआधी, पाचव्या-सहाव्या महिन्यातच उरकून टाकावं.

आणि रंगाऱ्याचा विचार कोण करणार? तो रोज हीच धूळ श्वासात घेतो आणि संध्याकाळी तीच कपड्यांवरून स्वतःच्या मुलांकडे घेऊन जातो. त्याला चांगला मास्क द्यावा, हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला जागा द्यावी, आणि ओल्या घासकामाला वेळ जास्त लागतो म्हणून मजुरीही जास्त द्यावी. आपल्या बाळासाठी केलेल्या कामाची किंमत दुसऱ्याच्या बाळाने मोजू नये.

आता नव्या रंगाचा वास. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातलं पाणी उडून जातं आणि थर जमतो, त्यामुळे वास लवकर ओसरतो. ऑइलपेंटमध्ये आधी टर्पेंटाइन उडतं आणि मग तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होत जातं. ही क्रिया हाताला कोरडं लागल्यावरही कित्येक दिवस चालते आणि त्यातून उग्र वासाची द्रव्यं सुटत राहतात. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं. म्हणून खोलीत ऑइलपेंट टाळता आला तर उत्तम, नाहीतर रंगकाम आणि बाळाचं येणं यांच्यामध्ये निदान महिनाभर खिडक्या उघड्या ठेवता याव्यात. बाळासाठी हौसेने करून घेतलेल्या नव्या कपाटालाही हेच लागू. स्वस्त प्लायवुड आणि भुशाच्या फळ्यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि उष्ण, दमट हवेत जास्तच. कोकणातल्या पावसाळ्यात असं कपाट बंद खोलीत ठेवणं बरं नाही. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधावी. ओलीवर मारलेला रंग एका पावसात पोपडे धरतो आणि मागे बुरशी वाढत राहते.

जुनी ट्रंक उघडून दुपटी, कुंच्या, गोधड्या काढल्या जातात तेव्हा त्यांना डांबर गोळ्यांचा वास असेल तर थांबावं. डांबर गोळ्यांतलं नॅफ्थलीन बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून आत जातं, आणि अंगाला तेल चोपडलेलं असेल तर आणखी सहज. काही मुलांत तांबड्या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त आढळतं. पारशी आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण बरंच आहे. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे भराभर फुटतात आणि कावीळ वेगाने चढते. नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटलेल्या 21 नवजात बाळांची नोंद ग्रीसमधल्या डॉक्टरांनी 1963 साली प्रसिद्ध केली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच बाळांत हे विकर कमी होतं. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण उष्णतेने वाफ होऊन उडून जातं. म्हणून नुसतं धुऊन भागत नाही, कपड्यांना कित्येक दिवस कडक ऊन आणि वारा द्यावा लागतो. तरीही वास राहिला तर ते कपडे बाळाला घालूच नयेत.

बाळ घरी आल्यावर खिडक्या लागतात, शेगडी पेटते, ओवा-वावडिंगाची धुरी होते. बाळाला ऊब हवी हे अगदी खरं आहे. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नाही, रंग नाही, आणि जो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. शेगडी बाहेर पेटवून कपडे गरम करून आत आणावेत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं की त्याचं तापमान छान टिकतं. बाळाच्या आंघोळीसाठी म्हणून गॅस गीझर बसवणार असाल तर तो न्हाणीघराच्या आत लावू नका, बाहेर मोकळ्या हवेत लावा. दार बंद केलेल्या लहानशा न्हाणीघरात गॅस गीझर माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करू शकतो.

सहा महिन्यांनी दात शिवशिवायला लागतात. तेव्हा पणजोबांच्या वेळचा, पुनःपुन्हा रंगवलेला लाकडी पाळणा असेल तर त्याचा कठडा बाळ चावणार हे गृहीत धरा. तो कोरडा घासून नव्याने रंगवण्यापेक्षा बारशाच्या समारंभापुरता वापरावा आणि रोजच्या झोपेला साधी झोळी किंवा रंग न लावलेला पाळणा घ्यावा. बाळ रांगू लागलं की खिडकीचा कट्टा आणि दाराखालची फरशी दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. दार किंवा खिडकी चौकटीला घासत असेल तर प्रत्येक उघड-मिटीला थोडा जुना रंग झिजून खाली पडतो. सुताराला बोलावून ते नीट करून घ्या, रंधा मारण्याआधी लाकूड भिजवायला सांगा, आणि त्या दिवशी बाळाला शेजारी पाठवा.