बळीवरच रोखलेलं शस्त्र: ‘सायको-पास’च्या पहिल्या भागामागचा इतिहास

‘सायको-पास’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला भाग संपला की बघणाऱ्यांत दोन तट पडतात. ज्यावरून पडतात, ते दृश्य जेमतेम काही मिनिटांचं आहे.

साल २११२, शहर टोकियो. ‘सिबिल’ नावाची यंत्रणा रस्तोरस्ती बसवलेल्या स्कॅनरमधून प्रत्येकाच्या मनाची अवस्था मोजते आणि तिचा एक आकडा काढते. त्याला म्हणतात गुन्हे-गुणांक. तो १००च्या वर गेला की माणूस ‘सुप्त गुन्हेगार’ ठरतो, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. ३००च्या वर गेला की पोलिसांच्या हातातलं ‘डॉमिनेटर’ हे शस्त्र बेशुद्ध करायचं सोडून ठार मारायच्या तयारीला लागतं. अकाने त्सुनेमोरी या तरुण निरीक्षकेची नोकरीतली ही पहिलीच रात्र. एका माणसाने ओलीस धरलेल्या बाईला सोडवायचं असतं. तिच्या पथकातला शिन्या कोगामी त्या माणसाला संपवतो. पण अत्याचार सोसलेल्या आणि डोळ्यांदेखत माणसाच्या चिंधड्या उडताना पाहिलेल्या त्या बाईचाही आकडा चढतो. आता डॉमिनेटर तिच्याकडे वळतो. अकाने कोगामीवरच शस्त्र चालवून त्याला खाली पाडते आणि लायटर हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईशी बोलायला लागते.

एका गटाला अकाने भाबडी वाटते. पहिल्याच दिवशी नियम मोडून सगळ्यांचा जीव धोक्यात घालणारी पोर. दुसऱ्याला तिथे शुद्धीवर असलेली ती एकटीच वाटते. तिसरी एक तक्रार आहे आणि ती मला खरी वाटते: हा पेच उभा करण्यासाठी एका बाईवरचा अत्याचार वापरला आहे, आणि किंचाळण्यापलीकडे तिच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. या सगळ्या प्रतिक्रिया समजून घ्यायच्या तर थोडं मागे जावं लागतं.

आधी मालिकेचं घराणं पाहू. पहिला भाग १२ ऑक्टोबर २०१२ला, मध्यरात्र उलटून पाऊण तास झाल्यावर फुजी टीव्हीवर लागला. तो ‘नॉइतामिना’ या रात्रीच्या अ‍ॅनिमेसाठी राखलेल्या प्रसारणाच्या पट्ट्यात होता. ‘अ‍ॅनिमेशन’ हा शब्द रोमन लिपीत उलटा लिहिला की हे नाव तयार होतं. नेहमीच्या तरुण पुरुष प्रेक्षकापलीकडे जायचं म्हणून २००५मध्ये हा पट्टा सुरू झाला होता. निर्मिती ‘प्रॉडक्शन आय.जी.’ची. या स्टुडिओचं नाव १९९५च्या ‘घोस्ट इन द शेल’ चित्रपटाने जगभर गेलं होतं. त्यामुळे भविष्यातले पोलीस आणि यंत्राशी जोडलेलं मन हा माल ओळखीच्या दुकानातला आहे, अशी अपेक्षा आधीपासूनच होती. दिग्दर्शन नाओयोशी शिओतानी यांचं.

लेखक गेन उरोबुची. २०११च्या ‘माडोका मागिका’ या अ‍ॅनिमे मालिकेत त्यांनी जादूगार मुलींच्या गोड गोष्टीची कशी शोकांतिका केली, हे प्रेक्षकांच्या ताजं लक्षात होतं. त्यामुळे पहिल्या मिनिटापासून लोक दबा धरून बसले होते, आता कोण मरणार म्हणून. या पहिल्या भागाबद्दलची बरीचशी चर्चा खरं तर उरोबुचींबद्दलची चर्चा होती.

मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते शिओतानींच्या वर असलेले मुख्य दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो. ते अ‍ॅनिमेतले नव्हेत. १९९७मध्ये फुजी टीव्हीवर गाजलेली ‘ओदोरु दाइसोसासेन’ ही पोलीस मालिका आणि तिचे चित्रपट ही त्यांची ओळख. २००३चा दुसरा चित्रपट अ‍ॅनिमेशन नसलेल्या जपानी चित्रपटांत कमाईचा उच्चांक ठरला आणि तो उच्चांक अनेक वर्षं टिकला. ‘शेवटचा’ म्हणून जाहीर केलेला चित्रपट सप्टेंबर २०१२मध्ये आला, म्हणजे ‘सायको-पास’च्या जेमतेम महिनाभर आधी. त्या मालिकेचा गाभा काय, तर वरून हुकूम सोडणारे मुख्यालयातले साहेब आणि रस्त्यावर घाम गाळणारे ठाण्यातले शिपाई यांच्यातलं अंतर. ‘सायको-पास’मधले निरीक्षक आणि ‘अंमलदार’ यांच्यातलं अंतर तिथूनच आलं आहे, फक्त ते क्रूर केलं आहे. इथले अंमलदार स्वतःच सुप्त गुन्हेगार आहेत. गुन्हेगाराचा माग काढायला पाळलेली शिकारी कुत्री म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जातं. १००च्या खालच्या माणसावर डॉमिनेटरचा घोडा ओढलाच जात नाही. कोगामी कायम १००च्या वर, म्हणून अकाने त्याच्यावर शस्त्र चालवू शकली. ज्या नियमाने त्याला कुत्रं केलं, त्याच नियमाचा आधार घेऊन तिने एक जीव वाचवला. तिने नियम मोडला असं म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं.

आता मूळ कल्पना. पहिला भाग पाहिल्यावर बहुतेकांना फिलिप के. डिक यांची १९५६ची ‘द मायनॉरिटी रिपोर्ट’ ही कथा किंवा तिच्यावरचा स्पीलबर्ग यांचा २००२चा चित्रपट आठवतो. तुलना चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिथे भविष्यात घडणारी कृती आधी दिसते. सिबिल कृती पाहतच नाही, ती माणूस मोजते. आणि या कल्पनेचं वय बरंच मोठं आहे.

१७६४मध्ये मिलानच्या चेझारे बेकारिया यांनी मांडलं की शिक्षा झालेल्या कृत्याच्या प्रमाणात असावी. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच इटलीत चेझारे लोम्ब्रोझो या डॉक्टरने एका दरोडेखोराच्या कवटीत एक खळगा पाहिला आणि ‘जन्मजात गुन्हेगार’ असतो, असा सिद्धान्त बांधला. १८७६मध्ये त्याचं पुस्तक आलं. मग जबडे, कान, कपाळं मोजणं सुरू झालं. दरम्यान बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केतले यांनी आकडेवारीतून ‘गुन्ह्याकडचा कल’ अशी संज्ञा काढली होती. केतले यांचा रोख समाजावर होता. लोम्ब्रोझोने तो व्यक्तीवर आणला.

जपानमध्ये ही गोष्ट सिद्धान्तापुरती राहिली नाही. शांतता-संरक्षण कायदा १९२५चा. त्यात १९४१ला प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आली, म्हणजे शिक्षा भोगून झालेल्या माणसालाही त्याचे विचार बदलले नाहीत म्हणून डांबून ठेवायची सोय. युद्धानंतर तो कायदा गेला. पण मार्च १९६४मध्ये टोकियोत अमेरिकेचे राजदूत एडविन रायशाउर यांच्यावर एका मनोरुग्ण तरुणाने सुरी चालवली आणि अशा रुग्णांवर पोलिसांची नजर हवी, अशी ओरड झाली. पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्याचा कायदा बदलला. लोकसंख्येच्या मानाने मनोरुग्णालयांतल्या खाटा जपानात इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. २००१मध्ये ओसाकाजवळच्या इकेदा इथल्या प्राथमिक शाळेत एका माणसाने आठ मुलांचा जीव घेतला. त्यानंतर २००३मध्ये, गंभीर कृत्य करूनही मनाच्या अवस्थेमुळे जबाबदार न धरलेल्या लोकांवर न्यायालयाच्या आदेशाने उपचार करायचा कायदा झाला. ‘तो पुन्हा करील का?’ हे कोण आणि कशावरून ठरवणार, यावर तेव्हा मोठा वाद झाला. मालिकेत ‘उपचार’ हा शब्द इतक्या सहज का येतो आणि तो ऐकताना पोटात गोळा का येतो, हे या पार्श्वभूमीवर कळतं.

मराठी वाचकाला यासाठी जपानपर्यंत जायचीही गरज नाही. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११च्या सुधारणेनंतर तो देशभर लागू होऊ शकला. अमुक जमातीत जन्मलं म्हणजे गुन्हेगार. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी कुंपणाआड पिढ्या वाढल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची पोलिसांची सवय काही गेली नाही. स्कॅनर नव्हता, आकडा नव्हता, पण ‘सुप्त गुन्हेगार’ होता. कोगामीच्या तोंडाकडे बघताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

मालिका आल्यानंतरच्या वर्षांनी तिच्याकडे पाहण्याची नजरही बदलली. शिकागो पोलिसांनी गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्या लोकांची गुण देऊन यादी केली. त्या यादीत मारणारे आणि मरणारे अशा दोघांचाही अंदाज एकाच आकड्यात होता, हे वाचून अंगावर काटा आला, कारण पहिल्या भागातली बाई नेमकी तीच आहे. २०१६मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवताना, माणूस पुन्हा गुन्हा करील का या धोक्याचा गुणांक विचारात घ्यायला काही अटींवर परवानगी दिली. जपानात डिसेंबर २०१५पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेत दरवर्षी मानसिक ताणाची तपासणी सक्तीची झाली. मालिका आठवून लोक दचकले तर नवल नाही, पण इथे एक फरक नोंदवायला हवा: त्या तपासणीचा निकाल कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय मालकाला देता येत नाही.

म्हणून अकानेच्या त्या कृतीकडे परत येतो. ती भाबडी आहे म्हणणाऱ्यांनी शेवटचा अर्धा मिनिट पुन्हा पाहावा. ती बोलते, बाई लायटर खाली करते, आणि तेवढ्यात मागून वरिष्ठ निरीक्षक गिनोझा शस्त्र चालवतो. बाई कोसळते, पण बेशुद्ध होऊन. थोड्या वेळापूर्वी तेच शस्त्र तिला ठार मारा म्हणत होतं. मधल्या वेळात कुणीतरी तिच्याशी माणसासारखं बोललं होतं आणि आकडा ३००च्या खाली आला होता.