ऑपरेशननंतरची डोळ्याची सूज: स्टिरॉइड की अँटिबायोटिक, हा घोळ कुठून आला

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे काय ते घरोघरी माहितीये, त्यात शिरत नाही. १९४९ ला लंडनमध्ये पहिल्यांदा प्लास्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं, तेव्हाच्या सुरुवातीच्या पेशंट्सचे डोळे जाम सुजायचे आणि द्यायला हाताशी फार काही नव्हतं. स्टिरॉइडचे ड्रॉप्स पन्नासच्या दशकात आले, मग कळलं की काहींना त्यानेच डोळ्याचं प्रेशर वाढतं, म्हणून स्टिरॉइड नसलेले ड्रॉप्स आले. १९९१ ला अमेरिकेत त्यातल्याच डायक्लोफिनॅकला परवानगी मिळाली, १९९९ मध्ये तिथेच त्याची एक जेनेरिक (दुसऱ्या कंपनीची नक्कल) कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, वितळल्याच्या तक्रारींमुळे परत घ्यावी लागली.

पण खरी गोची शब्दाची. आपण सगळ्यालाच 'सूज' किंवा 'इन्फेक्शन झालं' म्हणतो, आणि डॉक्टर लोकही कितीतरी वर्षं जंतू न सापडलेल्या केसला 'स्टराइल एन्डोफ्थाल्मायटिस', म्हणजे डोळ्याच्या आतलं जंतूविना इन्फेक्शन, म्हणायचे, म्हणजे चोर नसलेली चोरी! १९९२ मध्ये त्यातल्या एका प्रकाराला टॉक्सिक अँटीरियर सेगमेंट सिंड्रोम असं वेगळं नाव मिळालं, थोडक्यात टास. हे बहुतेकदा पहिल्या एकदोन दिवसांतच होतं, कॉर्निया या कडेपासून त्या कडेपर्यंत धुरकट, दुखणं त्यामानाने कमी, आणि कारण जंतू नाही तर धुतलेल्या हत्यारांवर राहिलेलं डिटर्जंट, नळीत वाळलेलं जेल असलं काहीतरी. २००५ मध्ये तर अमेरिकेत डोळा धुवायच्या द्रावणातच एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं विष) निघालं.

टासला स्टिरॉइड भरपूर लागतं, इन्फेक्शनला डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन. दिसायला मात्र दोन्हीत पुढे पांढरा थर साचतो. त्यामुळे शंका असली की इन्फेक्शनच धरून चालतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण टास समजून दोन दिवस घालवले आणि निघाले जंतू, तर डोळा गेला.

ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालेल्या ४२० पेशंट्सच्या १९९५ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा फायदा दिसला नाही, औषधंच चुकीची निवडली म्हणून त्यावर वादही झाला. २००७ च्या युरोपियन अभ्यासानंतर इन्फेक्शन होऊच नये म्हणून ऑपरेशन संपतानाच डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक सोडायची पद्धत वाढली, आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक. गंमत म्हणजे सेफ्युरॉक्झिम पातळ करताना प्रमाण चुकून त्यानेच टास झाल्याच्याही केसेस आहेत.