कूलरची टाकी आणि पोरांची पाच मिनिटं

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तोवर नागपुरात शिबिरांच्या पत्रकांचा सुकाळ असतो. त्यात आता ‘मुलांसाठी टाइम मॅनेजमेंट’ आलंय. समज असा की पोराला शिस्त नाही म्हणून उशीर होतो. पण ‘येऊन राहिलो ना, पाच मिनिटं!’ म्हणणारं दुसरीतलं पोर अर्ध्या तासाने उगवतं, तेव्हा ते बहुतेक वेळा खोटं बोललेलं नसतं.

१९२८ साली दाव्होसला आइनस्टाइनने मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेला विचारलं होतं, की मुलांना आधी काय कळतं, वेळ की वेग? पियाजेने मग मुलांसमोर दोन खेळणी एकदमच सोडली आणि एकदमच थांबवली, फक्त एक जोरात पळवलं. लहान मुलं म्हणाली, जे लांब गेलं तेच जास्त वेळ चाललं! अंतर डोळ्यांना दिसतं, वेळ दिसत नाही.

मग डोकं वेळ मोजतं कसं? कूलरच्या टाकीत पाइप सोडलाय आणि नळाला बारीक धार आहे, असं समजा. टाकी किती भरली त्यावरून किती वेळ झाला ते सांगता येतं. तसेच मेंदूत ठोके पडत राहतात, साठतात आणि साठा पाहून मेंदू म्हणतो, दहा मिनिटं झाली. पण पाइप टाकीत धरून ठेवायचं काम लक्षाचं. मोबाइलवर गेम सुरू झाला की पाइप निसटला. धार चालूच, पण पाणी अंगणात. टाकीत निम्मंच साठतं, म्हणून पोराला मनापासून वाटतं की आत्ताच तर बसलो. उलट दवाखान्यात नंबर लावून बसलं की लक्ष जायला दुसरं काही नसतं, आणि वेळ संपता संपत नाही. मोठ्यांचंही असंच होतं, पण लक्ष धरून ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो.

अर्थात हे प्रतिमान आहे. प्रत्यक्षात स्ट्रायटम नावाचा मेंदूतला खोल भाग आणि मध्यमेंदूतून तिथे पोचणारं डोपामिन यांचा यात हात आहे. पार्किन्सनमध्ये ते घटतं आणि कालावधीचा अंदाजही बिघडतो. मध्यमेंदूचं खरं काम हे असं आहे. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ केलं की पोर डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचतं, असं सांगणाऱ्यांचं पोर नाकाजवळच्या फटीतून वाचतं, त्याची फी भरू नका.

आणखी एक गंमत. मानसशास्त्रज्ञ जॉन गिबनने १९७७ मध्ये मांडलं, की अंदाजातली चूक कालावधीच्या प्रमाणात वाढते. समजा चूक २० टक्के. तासाभराच्या अंदाजात १२ मिनिटांची. तोच तास १५-१५ मिनिटांच्या चार तुकड्यांत मोजला तर प्रत्येकी ३ मिनिटांची. आणि चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तर काही इकडे, काही तिकडे होऊन एकूण चूक ३ गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे ६ मिनिटं. चुका सगळ्या एकाच बाजूला झुकत असतील तर मात्र हा हिशेब कोलमडतो. म्हणून ‘संध्याकाळभरात अभ्यास संपव’ यापेक्षा ‘आधी गणिताचं हे पान’ बरं.

घरी करायचं ते एवढंच. दप्तर भरायच्या आधी विचारा, किती मिनिटं लागतील? आकडा वहीत लिहू द्या, मग काट्याच्या घड्याळात पाहून खरा आकडा शेजारी. घड्याळाच्या काचेवर स्केचपेनने तेवढा तुकडा रंगवला तर वेळ अंतरासारखी दिसायला लागते, पियाजेच्या पोरांना हवी तशी. अलार्म सोयीचा आहे, पण तो लावला की अंदाज करायची गरजच उरत नाही. दहा वेळा ‘लवकर कर’ म्हटल्यानेही टाकीत थेंब पडत नाही.

वहीत एक रकाना बाबांसाठीही ठेवा, ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून पानठेल्यावर गेले त्या वेळचा.