रिकव्हरीत अडकलेल्या फोनचा बॅकअप का निघत नाही?

"स्क्रीन लागतेय, केबल लावली की लॅपटॉपला आवाजही येतोय, मग आतले फोटो निघायला काय हरकत आहे?" रिकव्हरी मोडमध्ये अडकलेला फोन घेऊन येणारा माणूस हटकून हेच विचारतो. प्रश्न रास्तच आहे. काळ्या पडद्यावर इंग्रजीत सात-आठ ओळी दिसतात, आवाजाच्या बटणांनी त्यांवर वर-खाली जाता येतं, म्हणजे फोन मेलेला नाही. मेमरीची चिप शाबूत आहे. फोटो, चॅट, बारशाचे व्हिडिओ, सगळं जागच्या जागी आहे. तरीही त्यातलं अक्षरही बाहेर येत नाही. ठाण्यात स्टेशनपासून नौपाड्यापर्यंत किंवा तिकडे वाशीत, दुरुस्तीच्या दुकानांत यावर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, "सॉफ्टवेअर मारावं लागेल (म्हणजे यंत्रणा नव्याने बसवावी लागेल), डेटा जाईल." दोन, "काढून देतो, पैसे जास्त पडतील." पहिलं उत्तर घाईचं असतं आणि दुसरं बहुतेक वेळा खोटं. असं का, हे कळायला फोनच्या आत किल्ली कशी बनते ते बघावं लागतं. तो भाग मला फार आवडतो, त्यामुळे तिथे लांबण लागेल. आधीच सांगून ठेवतो.

आपण रोज वापरतो ती अँड्रॉइड ही मोठी यंत्रणा. तिच्याशेजारी एक छोटी यंत्रणा ठेवलेली असते, मोठी चालेनाशी झाली तर तिला ताळ्यावर आणण्यापुरती. तीच रिकव्हरी. कळव्याच्या कारशेडमध्ये उभी असलेली लोकल डोळ्यांपुढे आणा. तिथे चाकं तपासतात, ब्रेक बदलतात, डबे धुतात. पण कोणी सामानाच्या रॅकवर कुलूपबंद बॅग विसरलं असेल, तर तिची किल्ली कारशेडमधल्या मिस्त्रीकडे नसते, आणि नसावीही. रिकव्हरीला कंपनीची सही असलेलं अपडेट बसवता येतं, सगळं पुसता येतं, नोंदी दाखवता येतात. तुमच्या फायली वाचायची सोयच तिच्यात नाही. केबलवरून ती एकाच दिशेची वाहतूक चालू देते: अपडेटची फाइल आत येते, बाहेर काही जात नाही. आयफोनवर तर या अवस्थेत केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र दिसतं, बाकी सगळं कॉम्प्युटरवरूनच करायचं.

फोन तिथे पोचतो तरी कसा? कधी कारण हास्यास्पद असतं. कव्हर घट्ट आहे किंवा पावसात भिजून बटण रुतलंय, म्हणून सुरू होताना फोनला वाटतं की मालकाने मुद्दाम बटण दाबून धरलंय. कधी अपडेट अर्धवट राहतं. नव्या फोनांत याचा धोका कमी आहे, कारण अँड्रॉइड ७ पासून यंत्रणेच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. नवी प्रत सुरू झाली नाही तर फोन जुनीवर परत येतो. आणि कधी फोन स्वतःच हात टेकतो. अँड्रॉइड ८ पासून त्यात एक पहारेकरी प्रोग्राम आहे. मुख्य यंत्रणा ५ मिनिटांत ५ पेक्षा जास्त वेळा कोसळली की तो एकेक उपाय करून बघतो आणि शेवटी फोनला रिकव्हरीत नेऊन सोडतो.

कोसळायला किती क्षुल्लक कारण पुरतं, याचा किस्सा जून २०२०चा. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या एका तळ्याचा सुंदर फोटो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० चे कित्येक फोन सुरू होऊन लगेच पडायचे, पुन्हा सुरू, पुन्हा पडायचे. त्या फोटोत व्हायरस नव्हता. त्याचा रंगांचा साचा नेहमीपेक्षा वेगळा होता. वॉलपेपर किती उजळ आहे हे मोजणाऱ्या कोडकडे ० ते २५५ एवढेच खाने होते, आणि या फोटोतल्या काही ठिपक्यांचा हिशेब २५५ च्या वर गेला. खाना सापडेना म्हणून पडदा सांभाळणारा प्रोग्रामच कोसळला. अँड्रॉइड ११ मध्ये ते सुधारलं. तेव्हाही लोकांचा डेटा आत सुखरूप होता, आणि तरी अनेकांना फॅक्टरी रिसेट करून तो गमवावा लागला.

आता किल्लीकडे. घरी करून बघण्याजोगा एक प्रयोग आहे. फोन रीस्टार्ट करा, पण पिन टाकू नका. दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करा. रिंग वाजेल, पण बहुतेक फोनांवर कॉल करणाऱ्याचं नाव दिसणार नाही, नुसता नंबर दिसेल. का? कारण नावांची यादी अजून फोनलाच वाचता येत नाही! अँड्रॉइड ७ (२०१६) पासून साठवणुकीचे दोन भाग करता येऊ लागले. एक भाग फोन सुरू होताच उघडतो. अलार्म वाजणं, कॉल येणं एवढं त्यावर भागतं. दुसऱ्या भागात तुमचे फोटो, संपर्क, चॅट असतात, आणि सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन पडेपर्यंत तो भाग म्हणजे निव्वळ आकड्यांची खिचडी असते. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांपासून ही पद्धत सक्तीची आहे. रिकव्हरीतला फोन नेमका याच अवस्थेत असतो: सुरू आहे, पण पिन कोणी टाकलेला नाही आणि टाकायला जागाही नाही.

ही खिचडी एईएस नावाच्या पद्धतीने होते. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन यांनी ती रचली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली. किल्ली २५६ बिटांची. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी. ती अंदाजाने शोधण्याच्या फंदात कोणी पडत नाही. पण थांबा, आपण तर चार आकडी पिन ठेवतो. त्याच्या शक्यता फक्त १०,०००. एवढ्याशा पिनमधून एवढी थोर किल्ली कशी निघते?

ती नुसत्या पिनमधून निघत नाही, ही खरी गंमत. प्रत्येक आयफोनच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच एक २५६ बिटांचा गुप्त क्रमांक कोरलेला असतो. तो फोनच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही. चिपमधलं गुप्तलेखनाचं यंत्र तो आतल्या आत वापरतं, एवढंच. तुमचा पिन त्या क्रमांकाबरोबर पुन्हा पुन्हा घुसळला जातो आणि शेवटी जे उरतं त्यावरून किल्ली बनते. अँड्रॉइडमध्ये तपशील वेगळा, तत्त्व तेच. पिन तुमच्या डोक्यात, क्रमांक त्या एका चिपमध्ये. दोन्ही एकत्र आल्याशिवाय किल्ली अस्तित्वातच येत नाही. म्हणजे ती कुठेतरी ठेवलेली असते आणि चोरता येईल असंही नाही. दर वेळी नव्याने घडवावी लागते.

घुसळणं मुद्दाम संथ ठेवलंय. अ‍ॅपलने ते असं बेतलंय की एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत. तुम्हाला ते जाणवतही नाही. चोराला जाणवतं. हिशेब करू. चार आकडी पिन: १०,००० गुणिले ०.०८ म्हणजे ८०० सेकंद, जेमतेम सव्वातेरा मिनिटं. सहा आकडी: ८०,००० सेकंद, साधारण २२ तास. सहा अक्षरांचा पासवर्ड, त्यात इंग्रजी लहान लिपीची २६ अक्षरं आणि १० अंक: ३६ चा सहावा घात, म्हणजे २१७ कोटींहून जास्त शक्यता, आणि वेळ साडेपाच वर्षं. शिवाय प्रत्येक प्रयत्न त्याच चिपवर करावा लागतो, हजार कॉम्प्युटर लावून काम वाटून घेता येत नाही.

सव्वातेरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, हे बनवणाऱ्यांनाही दिसत होतं. म्हणून चुकीच्या पिननंतर वाढत जाणारी सक्तीची विश्रांती आली, आणि २०१३ च्या आयफोन ५एसपासून किल्ल्यांचं काम मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या ठेवलेल्या भागाकडे गेलं. आयफोन ५सीमध्ये तो भाग नव्हता. अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो शहरात २०१५ मध्ये झालेल्या गोळीबारातल्या हल्लेखोराचा फोन नेमका ५सी होता, आणि तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये एफबीआयला कोर्टातून अ‍ॅपलकडे मागणी करावी लागली की ही बंधनं उठवणारं खास सॉफ्टवेअर करून द्या. अ‍ॅपलने नकार दिला. मार्चमध्ये एफबीआयने बाहेरच्या कोणाच्या तरी मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला. त्या जुन्या फोनसाठी एवढं रामायण. तेव्हा "दोन तासांत काढून देतो" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, किल्ली कुठून आणणार?

अजून एक पायरी, आणि इथे जरा नेट लावून वाचा. पिनपासून बनलेली किल्ली थेट फोटोंना लागत नाही. फोटोंची किल्ली वेगळी, ती दुसऱ्या किल्लीने बंद केलेली, आणि त्या साखळीच्या टोकाला पिनची किल्ली. म्हणूनच पिन बदलायला क्षणभर पुरतो. १२८ जीबी पुन्हा गुप्त करावे लागत नाहीत, फक्त टोकाचं वेष्टन बदलतं. आणि म्हणूनच फॅक्टरी रिसेट इतकं झटपट होतं. साखळीतली एक किल्ली नष्ट केली की मागचा सगळा डेटा, चिपवर असूनही, कायमचा कचरा. रिसेटनंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो आणून देत नाही. अँड्रॉइडमध्ये या किल्ल्या यंत्रणेच्या आवृत्तीलाही बांधलेल्या असतात. नव्या आवृत्तीला बांधलेली किल्ली जुन्या आवृत्तीला वापरता येत नाही. त्यामुळे "जुनं व्हर्जन टाकून बघू" हा सल्ला डेटाच्या दृष्टीने घातक. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना यंत्रणा चढवणारा प्रोग्राम, अनलॉक करण्याचंही तेच: तो उघडताना फोन आधी सगळं पुसतो, नाहीतर कोणीही स्वतःची यंत्रणा घुसवून किल्लीवर डल्ला मारायचा प्रयत्न केला असता.

मग "काढून देतो" म्हणणाऱ्या कारागिरांना खात्री कुठून येते? त्यांच्या जुन्या अनुभवातून. २०१४ च्या सुमारापर्यंत बहुतेक अँड्रॉइड फोन आतून उघडेच असत. निराळी रिकव्हरी बसवली की फोटो कॉपी करता येत, चिप काढून ती वाचणाऱ्या यंत्रावर लावली तरी चालत असे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनांना गुप्तलेखन सक्तीचं झालं आणि ती विद्या कालबाह्य झाली. आज मेमरीची चिप उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवली तर त्या बोर्डाच्या प्रोसेसरचा क्रमांक वेगळा, किल्ली वेगळी, काम खलास. बोर्ड खरंच मेला असेल तर प्रोसेसर आणि मेमरी ही जोडी मिळून दुसऱ्या बोर्डावर हलवणारे निष्णात लोक आहेत. पण त्यांनाही शेवटी तुमचा पिन लागतोच.

दुकानाच्या दाराला शनिवारी नवी लिंबू-मिरची लटकते, तिने कोणाचा डेटा जात नाही. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचं व्रत मात्र सोडा. तांदळाचे कण आत जाऊन बिघाड होऊ शकतो, असं खुद्द अ‍ॅपलनेच २०२४ मध्ये सांगितलं. सगळ्यात महाग अंधश्रद्धा तिसरीच: "कोणत्याही फोनचा डेटा एका क्लिकमध्ये" अशी जाहिरात करणारं सॉफ्टवेअर.

करायचं ते असं. डेटा काढायच्या मागे न लागता, काहीही न पुसता मोठी यंत्रणा पुन्हा उभी करायची. पिन टाकायचं पान आलं की बॅकअप आपोआप शक्य होतो. आधी कव्हर काढा, बटणं मोकळी आहेत ना बघा, मग "रीबूट सिस्टिम नाऊ". नाही जमलं तर "वाइप कॅशे पार्टिशन" असेल तर ते. त्याने फोटो जात नाहीत. मात्र "वाइप डेटा" ची ओळ बऱ्याच फोनांत अगदी लागून असते, घाईत बोट दाबू नका. त्यानंतर त्याच मॉडेलचं, त्याच किंवा नव्या आवृत्तीचं अधिकृत पूर्ण अपडेट केबलने बसवायचं. गूगलच्या पिक्सेलवर ते डेटा न पुसता होतं. सॅमसंगच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, "सीएससी" आणि "होम सीएससी" अशा दोन फायली असतात; पहिली पुसते, दुसरी डेटा राखते. शाओमीच्या साधनात "सेव्ह युजर डेटा" असा पर्याय आहे. दुकानात फोन देताना यातलं काय निवडणार, हे विचारायला लाजू नका. "सॉफ्टवेअर मारतो" या दोन शब्दांत डेटा राखणारा आणि पुसणारा असे दोन्ही मार्ग येतात, आणि गिऱ्हाईक बोललं नाही तर सोपा मार्ग निवडला जातो.

आयफोनला कॉम्प्युटर "अपडेट" आणि "रिस्टोअर" असं विचारतो. अपडेट निवडा. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली तर फोन रिकव्हरीतून बाहेर पडतो. घाबरू नका, डाउनलोड पुरं होऊ द्या आणि फोन पुन्हा रिकव्हरीत न्या. एसडी कार्ड असेल तर ते काढून वाचता येतं, पण "इंटर्नल" म्हणून जोडलेलं असेल तर तेही त्याच फोनला बांधलेलं.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर उरतो तो आधी झालेला बॅकअप. व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइडवर रोज पहाटे २ वाजता एक प्रत काढतं, पण ती ठेवतं फोनमध्येच, म्हणजे त्याच बंद भागात. गूगल अकाउंटवर जाणारी प्रत वेगळी, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि तिथली फुकट जागा १५ जीबी. फोनच्या सेटिंग आणि अ‍ॅपच्या डेटाचा जो बॅकअप गूगलकडे जातो, तो अँड्रॉइड ९ पासून स्क्रीन लॉकने गुप्त केलेला असतो. नव्या फोनवर तो उतरवताना जुन्या फोनचा पिन मागितला जातो.