हेडफोनची किंमत आणि आवाज : तुलनेमागचा इतिहास

अमेरिकी नौदलाने १९१० च्या सुमारास यूटातल्या नॅथॅनियल बाल्डविनकडून हेडफोन घेतले, तेव्हा अपेक्षा एकच होती : बिनतारी संदेश नीट ऐकू यावा. संगीताचा विचार बराच नंतर सुरू झाला. जर्मनीतल्या बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ आणला. आजच्या बहुतेक हेडफोनमध्ये आहे तीच रचना त्यात होती : चुंबकाच्या फटीत बारीक तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला पडदा. मिलवॉकीच्या जॉन कॉस यांचे १९५८ चे स्टीरिओ हेडफोन खरं तर एका सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअरला जोड म्हणून आले होते. प्लेअर मागे पडला, हेडफोन चालले.

त्या काळात ‘महाग ते चांगलं’ हे बऱ्यापैकी खरं होतं, कारण अडचण कारागिरीची होती. पडदा सगळीकडे सारख्या जाडीचा हवा, कॉइल फटीच्या बरोबर मध्ये बसायला हवी. ती थोडी कलली की फटीच्या कडेला घासते आणि मोठ्या आवाजात घरघर येते. चुंबक जड असायचे, त्यामुळे हलका आणि तरी संवेदनशील ड्रायव्हर (चुंबक, कॉइल आणि पडदा मिळून होणारा, आवाज काढणारा भाग) बनवणं खर्चिक पडे.

हे गणित दोन टप्प्यांत बदललं. झेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ मध्ये मागून उघडा हेडफोन म्हणून आला. बंद, जड डबे कानावर बांधायची गरज राहिली नाही. त्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मात्र २००० ओहम. असे जुने, उच्च रोधाचे हेडफोन आज थेट फोनला जोडले तर क्षीण वाजतात, आणि ऐकणारा त्यांना ‘दम नाही’ म्हणून बाद करतो. दोष हेडफोनचा नसतो, फोन तेवढं व्होल्टेज देऊ शकत नाही. दुसरा टप्पा १९७९ च्या सोनी वॉकमनचा. सोबतचे हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचे होते. पुढे १९८० च्या दशकात निओडिमियम चुंबक आले आणि छोट्या ड्रायव्हरलाही ताकद मिळाली. १९८४ चा कॉस पोर्टा प्रो जवळजवळ त्याच रूपात अजून विकला जातो. स्वस्त हेडफोनही मन लावून ऐकण्याजोगा असू शकतो, याचं ते पहिलं ठळक उदाहरण.

तरीही एक मूळ प्रश्न उरलाच होता : ‘चांगला आवाज’ म्हणजे नेमका कोणता? स्पीकरच्या बाबतीत सपाट फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोरात वाजणं, हे उत्तर ढोबळमानाने चालतं. हेडफोनला ते लागू होत नाही. खोलीतला आवाज कानाच्या पाळीवरून आणि नळीतून कानाच्या पडद्यापर्यंत पोचताना ३ किलोहर्ट्झच्या आसपास १० डेसिबलहून जास्त उचलला जातो. हेडफोन या वाटेचा बराचसा भाग वगळतो, म्हणून ती उचल त्याच्या ट्यूनिंगमध्येच, म्हणजे आवाजाच्या घडणीतच, द्यावी लागते. किती द्यावी, यावर दशकानुदशकं एकमत नव्हतं. आधी समोर ठेवलेल्या एका स्पीकरचा आवाज प्रमाण मानत. म्युनिकच्या आयआरटी या प्रसारण-संशोधन संस्थेतले गुंथर थाइले यांनी १९८६ मध्ये चहूबाजूंनी सारख्या येणाऱ्या आवाजाचं प्रमाण मांडलं. पण ते अनेकांना बेसमध्ये कोरडं वाटे.

कोंडी फोडली हार्मन या ऑडिओ कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी, २०१२ पासूनच्या शोधनिबंधांतून. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापाशी मोजायचा, त्यावर श्रोत्यांना बेस-ट्रेबल हवा तसा फिरवू द्यायचा, आणि बहुतेकांची पसंती जिथे जमते ती रेघ लक्ष्य धरायची. चाचणीची रीतही हुशारीची. वजन आणि गाद्यांच्या स्पर्शावरून माणूस ब्रँड ओळखतो, म्हणून एकाच हेडफोनवर इक्वलायझरने (सुरांचा जोर पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) बाकीच्यांचा रिस्पॉन्स उतरवून ऐकवला. २०१७ मध्ये संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनच्या मोजमापांची त्यांच्या किमतींशी तुलना केली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांत संबंध सापडला नाही.

लक्ष्य जाहीर झाल्यावर ते गाठायला मोठी प्रयोगशाळा लागेना. आयईसी ७११ कपलर, म्हणजे इअरफोन मोजायचा कृत्रिम कान, याच्या स्वस्त चिनी नकला बाजारात आल्या. मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ, केझेड असे ब्रँड हजार-दोन हजारांच्या तारेच्या इअरफोनचे आलेख पाहून ट्यूनिंग करू लागले. या आलेखांना मर्यादा आहे : साधारण ८ किलोहर्ट्झच्या पुढे या कपलरवर फार विसंबू नये, कारण इअरफोन नळीत किती खोल बसला यावर तिथली शिखरं सरकतात. दोन इअरफोनचे आलेख ८ च्या पुढे वेगळे दिसले म्हणून ‘डिटेल’वर निकाल देणं घाईचं.

मग जास्तीचे पैसे कशाला? डावा-उजवा ड्रायव्हर नीट जुळवलेला असणं, नगागणिक फरक कमी असणं, बदलता येणाऱ्या गाद्या आणि केबल, चार तास डोक्यावर राहील असा बांधा, नॉइज कॅन्सलिंग. हे सगळं खरं आहे, फक्त यातलं बरंचसं आवाजाच्या खात्यात जमा होत नाही. दहापट किंमत म्हणजे दहापट आवाज, हा हिशोब कुठेच बसत नाही.

घरी तुलना करताना बहुतेकांची पहिली चूक आवाजाच्या पातळीची. १ डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. शिवाय आवाज वाढवला की बेस कानाला प्रमाणाबाहेर वाढलेला भासतो; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे दाखवलं होतं. म्हणून ५०० हर्ट्झचा सूर दोन्हींवर वाजवून आधी पातळी जुळवावी. पिंक नॉइजने (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेल्या खरखरीने) जुळवली तर बेसचा फरक मापात घुसतो.

दुसरी चूक सीलची, म्हणजे हवा निसटणार नाही अशा घट्ट बसण्याची. इअरटिप लहान पडली किंवा चष्म्याच्या काडीने गादी उचलली की बंद हेडफोनचा आणि इअरफोनचा बेस गळतो, आणि दोष ‘स्वस्त’पणावर जातो. तबल्यातल्या बायाँची घुमक ऐकून हे लगेच कळतं : बोटाने इअरफोन हलका आत दाबल्यावर घुमक एकदम भरली, तर सील नव्हतं. तानपुऱ्याने ट्रेबल तपासता येतो. जवारीची झणझण कर्कश होत असेल किंवा गायकाचा ‘स’ टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा आहे. आधीच्या हेडफोनचा आवाज कानात काही सेकंदच ताजा राहतो, तेव्हा तोच दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा आलटून पालटून ऐकावा.

ब्लूटूथ मॉडेल असेल तर ॲपमधला बेस बूस्ट आणि ‘थ्रीडी’ आधी बंद करावं. जुना महाग हेडफोन तुलनेत ठेवणार असाल तर त्याच्या गाद्या आधी बदला : दबलेल्या गादीमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, रिस्पॉन्स बदलतो, आणि कारखान्यातून निघालेला हेडफोन तुम्ही ऐकतच नसता.