रशियन मेल उघडला की कचरा का दिसतो, त्यामागची हिस्ट्री

सोलापूरची पोरं एमबीबीएसला रशिया, किर्गिझस्तानला जायला लागली तसे तिकडचे मेल घरच्यांनाही यायला लागले, आणि त्यातला एखादा उघडला की नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. वडील म्हणतात व्हायरस, कॅफेवाला म्हणतो फॉन्ट टाकावा लागेल. दोन्ही नाही. मजकूर बहुतेक वेळा धडधाकट असतो, तो कुठल्या तक्त्यानं वाचायचा तेवढं कॉम्प्युटरला कळलेलं नसतं.

कॉम्प्युटर अक्षर नाही, नंबर ठेवतो. एका बाइटमधे असे २५६ नंबर बसतात. आस्की ह्या अमेरिकन तक्त्यानं १२८ जागा वापरल्या, वरच्या १२८ मोकळ्या राहिल्या आणि तिथं ज्यानं त्यानं आपापली अक्षरं बसवली. सोव्हिएत युनियननं १९७४ च्या स्टँडर्डमधे कोइ-८ हा रशियन अक्षरांचा तक्ता आणला, त्याचाच पुढचा अवतार कोइ८-आर, आंद्रेई चेर्नोव्हनं १९९३ मधे आरएफसी १४८९ ह्या नंबरच्या इंटरनेट दस्तऐवजात नोंदवला. ह्यात लै डोकं लावलंय. तेव्हाचा ईमेल सात बिटांचा, वरच्या १२८ जागा ज्याच्यावर ओळखायच्या तो आठवा बिट वाटेत गळायचा, म्हणून अक्षरं रशियन वर्णमालेच्या क्रमानं न लावता उच्चारानं जुळणाऱ्या इंग्रजी अक्षराच्या बरोबर वर बसवली. बिट गळला तरी रशियन शब्द इंग्रजी लिपीत वाचता यायचा, फक्त कॅपिटलचं स्मॉल आणि स्मॉलचं कॅपिटल व्हायचं.

पण डॉसवाल्यांचं वेगळंच, कोडपेज (म्हणजे तक्ता) ८६६. विंडोजचं १२५१. मॅकचं आणखी वेगळं. आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डवाल्या संस्थेनं १९८८ मधे ८८५९-५ काढलं, ते रशियात फारसं कुणी वापरलंच नाही. म्हणजे एकाच अक्षरासाठी पाच तक्ते, आणि नव्वदच्या दशकात कितीतरी रशियन साइटवर वरच लिंका असायच्या, कोइ, विन, डॉस, मॅक, तुमचं तुम्ही निवडा. १९९२ मधे माइम हे मेलच्या मांडणीचं स्टँडर्ड आल्यावर मेलला कॅरॅक्टर सेटचं, म्हणजे तक्त्याच्या नावाचं, लेबल लावायची सोय झाली, पण पाठवणारा प्रोग्राम लेबल लावायचाच नाही किंवा चुकीचं लावायचा, मग ब्राउझर आणि मेल प्रोग्राम अंदाजपंचे.

म्हणून कचरा नीट बघावा, रोग तिथंच कळतो. अक्षरं रशियनच आहेत पण अर्थ नाही, आणि शब्दाचं पहिलं अक्षर स्मॉल, बाकी सगळी कॅपिटल, तर कोइ८ चा मजकूर १२५१ नं, नाहीतर १२५१ चा कोइ८ नं वाचला जातोय. ‘प्रिव्येत’ म्हणजे नमस्कार, तो १२५१ चा असून कोइ८ नं वाचला तर ‘ओपख्बेर’सारखा काहीतरी दिसतो. एकाआड एक आडव्या रेघेचा डी नाहीतर नागमोडी टोपीचा एन येत असेल तर तो यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना एकत्र घेणाऱ्या युनिकोडची लिहायची पद्धत), पाश्चात्त्य तक्त्यानं उघडलेला, कारण त्यात रशियन अक्षराला दोन बाइट लागतात आणि पहिला बाइट जवळपास ह्या दोनांपैकीच असतो. मराठीला तीन बाइट लागतात, त्यामुळे आपल्या कचऱ्यात दर तिसऱ्या चिन्हाला तोच तो टोपीवाला ए. आणि नुसती प्रश्नचिन्हं असतील तर विषय संपला, मूळ नंबरच पुसले गेलेत, परत पाठवायला सांगणे हाच इलाज.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा. १९९१ च्या इस्की ह्या भारतीय स्टँडर्डमधे ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांच्या ‘क’ला एकच नंबर होता, म्हणजे लिपी बदलली की मराठी मजकूर तेलुगूत दिसणार, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात तर चाललंही असतं. डीटीपीवाल्यांनी मात्र ते सोडून फॉन्टगणिक वेगळा तक्ता धरला, आणि जुन्या लग्नपत्रिकेची फाइल आज उघडली की तोच गोंधळ.

युनिकोड १९९१ मधे आलं, यूटीएफ-८ १९९२ मधे, पण जुने सर्व्हर, जुने मेल तसेच राहिले. उलट क्रोमनं एन्कोडिंगचा, म्हणजे तक्ता निवडायचा, मेनूच काढून टाकला, फायरफॉक्सनं २०२१ मधे सगळी यादी काढून एकच ‘दुरुस्त करा’ छाप बटण ठेवलं, ते मला पटलेलं नाही. मेलमधे असं दिसलं तर आहे तसा फॉरवर्ड करू नका, कॉपी करून सेव्ह तर अजिबात नको, मूळ मेल डाउनलोड करून एन्कोडिंग बदलता येणाऱ्या एडिटरमधे उघडा, आधी यूटीएफ-८, मग १२५१, मग कोइ८. झिप फाइलमधल्या नावांचा कचरा झाला असेल तर पहिला संशय ८६६ वर घ्या, विंडोजचं झिप बराच काळ नावं डॉसच्याच तक्त्यानं लिहायचं.