पार्श्वभूमी : जागेला जागा, आणि मध्ये झुडपी

नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी कामठीला इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी टाकली. इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांमधली सीताबर्डीची लढाई होऊन चारच वर्षं झाली होती. गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी भोसले, कारभार इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती. छावणीमागून बाजार आला, बाजारामागून वस्ती. आता वस्तीला रुंद रस्ते, पाण्याच्या लाइनी, घरं हवीत. मेट्रोचा दुसरा टप्पाही कामठीवरूनच कन्हानपर्यंत जायचा आहे. वाढायला जावं तिकडे लष्कराची हद्द लागते.

लष्कर सहजासहजी जमीन सोडत नाही. ही सवय कामठीहूनही जुनी. छावणीतला बंगला लष्कराबाहेरच्या माणसाला विकू नये, राहायला देऊ नये, असा कंपनी सरकारचा १८०१ चा हुकूम होता. पुढे प्रघात पडला तो जागेला जागा देण्याचा, तीही सारख्या किमतीची.

अशा अदलाबदलीसाठी राज्य आणि लष्कराची बोलणी अडतात आधी कागदावर. तलाठ्याकडे सातबारा, तर छावणीच्या जमिनीची नोंद जनरल लँड रजिस्टर या वेगळ्या दप्तरात. तिथे ‘ए-१’ लिहिलेली जमीन म्हणजे सैन्याच्या प्रत्यक्ष वापरातली. तिचं नाव काढलं की चर्चा थंडावते.

पण खरी अडचण राज्याच्या बाजूची आहे. बदल्यात द्यायचं काय? सरकारी जमीन शोधायला गेलं की नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल आडवं येतं. मध्यप्रांताच्या काळापासून गुरं चारायची ही पडीक. मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेल्यावर सरकारजमा झाली. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर तिला हात लावायचा तर केंद्राची परवानगी. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही झुडपी म्हणजे वनच, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना तेवढी वाट ठेवली. झुडपी वगळून उरतं ते गावाचं गायरान. शहराच्या रस्त्यापायी एखाद्या खेड्याची चराई जाणार असेल, तर त्या ग्रामसभेला बोलण्यांत आधीपासून बसवायला हवं, असं माझं मत.

२०२१ मध्ये केंद्राने नियम सैल केले. सार्वजनिक प्रकल्पासाठी लष्कराची जमीन घेतली, तर जमिनीऐवजी तेवढ्याच किमतीची बांधकामं उभारून देता येतात. त्यामुळे आता एकरांइतकीच क्वार्टर्सचीही भाषा होते. २०२३ पासून छावण्यांतले नागरी भाग नगरपालिकांकडे सोपवायचं धोरण आहे. सुरुवात हिमाचलातल्या खास योलपासून झाली. कामठी ही महाराष्ट्रातल्या सात छावणी मंडळांपैकी एक. नागरी भाग वेगळा झाला तरी सैन्याच्या वापरातली जमीन लष्कराकडेच राहते, म्हणजे तिच्यासाठीची बोलणी चुकत नाहीत.